मागितले एक, दिसले भलतेच : ऑनलाइन दुकानातील शोध ग्राहकाला का दमवतो?

दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचे नाते मुळात बोलण्यावर उभे असते. पेठेतील भांड्यांच्या दुकानात एखादी गृहिणी जाते आणि ‘पाच लिटरच्या कुकरची रबर द्या’ एवढेच म्हणते. दुकानदार विचारतो, ‘झाकण आत बसणारे की बाहेरून लागणारे?’ उत्तर मिळताच तो खुंटीवरच्या जुडग्यातून नेमकी रबर काढून समोर ठेवतो. दोघांनाही यात काही विशेष घडले असे वाटत नाही.

तीच गृहिणी आज मुलाच्या मोबाईलवर ऑनलाइन दुकान उघडते, वरच्या रिकाम्या चौकटीत तेच शब्द लिहिते, आणि तिच्यासमोर नवे कुकर, रबरबँड, रबरी चटया अशा शेकडो वस्तूंची रांग उभी राहते. हवी ती वस्तू त्या रांगेत असते किंवा नसतेही. दहा मिनिटे अंगठा फिरवून ती मोबाईल खाली ठेवते आणि म्हणते, ‘आपल्याला नाही बाई हे जमत.’

या शेवटच्या वाक्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत. वस्तू न सापडण्याचा दोष ग्राहक स्वतःच्या अज्ञानाकडे घेतो. विशेषतः ज्यांच्या घरात शिक्षण एक-दोन पिढ्यांपूर्वीच आले, त्यांना यंत्रापुढे आपणच कमी पडलो असे चटकन वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. या त्रासाची कारणे यंत्राच्या रचनेत, माल मांडणाऱ्याच्या निष्काळजीपणात आणि काही वेळा दुकान चालविणाऱ्याच्या हितसंबंधांत असतात. ती कारणे एकदा नीट समजली की भीती जाते व मार्गही सापडतो.

चौकटीमागे काय घडते?

आपण शब्द लिहिला की यंत्र गोदामात फिरून वस्तू पाहते, अशी अनेकांची समजूत असते. तसे काही होत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आला आहे ते तिच्यावरून कळते. ऑनलाइन दुकानाचे यंत्र अशीच एक प्रचंड सूची आधीच तयार करून ठेवते. ‘कुकर’ या शब्दासमोर तो शब्द ज्या ज्या वस्तूंच्या माहितीत आला त्यांचे क्रमांक, ‘रबर’ या शब्दासमोर तशाच वस्तूंचे क्रमांक. आपण लिहिलेले शब्द या सूचीत पाहून क्रमांक जुळविले जातात, मग त्यांची क्रमवारी लावून ते आपल्यापुढे येतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. या पद्धतीत यंत्र वस्तू ओळखत नाही. ते वस्तूविषयी विक्रेत्याने लिहिलेले शब्द ओळखते. विक्रेत्याने त्या रबरी कड्याचे नाव ‘गॅस्केट’ असे लिहिले असेल आणि ‘रबर’ हा शब्द कोठेच घातला नसेल, तर वस्तू दुकानात असूनही ग्राहकासाठी ती नाहीशी झाली.

हा दोष एकट्या मराठी माणसाच्या वाट्याला आलेला नाही. अमेरिकेत फर्नास, लँडॉवर, गोमेझ आणि ड्युमे या संशोधकांनी १९८७ साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच वस्तूला दोन माणसे आपापल्या मनाने नाव देऊ लागली, तर दोघांनीही तेच नाव निवडण्याची शक्यता शंभरात वीसपेक्षाही कमी असते, असे त्यांना आढळले. ही तर एकाच भाषेतील माणसांची गोष्ट. मग जिथे विक्रेता सुरतेचा, ग्राहक परभणीचा आणि सूची इंग्रजी, तिथे काय होत असेल याची कल्पना करावी.

आपल्या घरातील साधे पातेलेच पाहा. कोणी त्याला टोप म्हणतो, मराठवाड्यात ते भगुणे होते आणि विदर्भात गंज. नागपूरकडील आजीने ‘मोठा गंज’ असे लिहिले, तर शब्दाला शब्द जुळविणारे यंत्र तिच्यापुढे लोखंडावरील गंज काढण्याचे औषध आणून ठेवील. आजीचा शब्द चुकलेला नाही. यंत्राच्या सूचीत विदर्भच नाही, एवढेच!

मराठीच्या वाटेवरील खास अडथळे

अलीकडे मोठी ऑनलाइन दुकाने मराठीतूनही उघडतात. ॲमेझॉन व फ्लिपकार्ट या दोघांनीही २०२१ साली मराठीची सोय केली. हे स्वागतार्हच आहे. परंतु पाटी मराठीत लावणे वेगळे आणि मराठी समजणे वेगळे. मराठी शब्द शोधताना यंत्राची तीन ठिकाणी अडचण होते.

पहिली अडचण शब्दांच्या रूपांची. इंग्रजीत नामाचे एकवचन आणि अनेकवचन सांभाळले की बरेचसे काम भागते. मराठीत नाम प्रत्येक प्रत्ययासमोर आपले रूप बदलते. चप्पल, चपला, चपलेचा, चपलांसाठी ही एकाच शब्दाची रूपे. यंत्राला ती चार निरनिराळी अक्षरमाळा दिसतात. यावर उपाय म्हणून शब्दांचे शेपूट छाटून मूळ रूप काढण्याचे नियम करतात. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली असे नियम प्रसिद्ध केले व ते जगभर वापरले गेले. पण मराठीत सरसकट छाटणी केली तर पाट, पाटा आणि पाटी या तिन्ही वस्तू एकाच ढिगात जातील. जेवायला बसायचा पाट मागणाऱ्याला वाटणाचा पाटा दिसेल. कमी छाटले तर वस्तू हुकते, जास्त छाटले तर भलतीच येते.

दुसरी अडचण लिपीच्या आतल्या संकेतांची. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. जगातील लिप्यांना असे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणपद्धतीत देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तथापि काही मराठी अक्षरे दोन प्रकारे लिहिता येतात. ‘ॲसिडिटी’मधील पहिल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, त्यापूर्वी ते ‘अ’ आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडून लिहीत, आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. ‘सुऱ्या’ या शब्दातील अर्ध्या र चेही तसेच आहे. तो स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, किंवा नेहमीच्या र ला एक अदृश्य जोडखूण लावूनही लिहिता येतो. ती जोडखूण वाटेत गळाली की भाजी चिरायच्या सुऱ्या ‘सुर्या’ होतात आणि त्या नावाचा भलताच माल पुढे येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राने आधीच त्यांना एकरूप करून घेतले नसेल, तर त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात.

तिसरी अडचण रोमन लिपीची. आपल्यापैकी पुष्कळजण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहितात. ‘चटई’ लिहिताना कोणी शेवटी ‘आय’ घालतो, कोणी दोन वेळा ‘ई’, तर कोणी मध्ये दोन ‘टी’. यांपैकी कोणतेही चूक म्हणता येत नाही, कारण यासाठी सर्वमान्य नियमच लोकांना कोणी शिकविलेला नाही.

शुद्धलेखनाच्या चुका यंत्राने सांभाळून घ्याव्यात ही अपेक्षा मात्र रास्त आहे. फ्रेडरिक दामेरॉ यांनी १९६४ सालीच दाखवून दिले होते की, त्यांनी तपासलेल्या चुकांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक चुका एकेका साध्या प्रकारच्या असतात. एक अक्षर गळणे, एक जास्त पडणे, एकाच्या जागी दुसरे येणे किंवा शेजारची दोन अक्षरे उलटसुलट होणे, असे ते चार प्रकार. म्हणजे हे शास्त्र साठ वर्षांचे जुने आहे. तरीही एखाद्या ऑनलाइन दुकानात ह्रस्व-दीर्घाच्या एका चुकीने ‘काहीही सापडले नाही’ अशी पाटी झळकत असेल, तर तो ग्राहकाचा अपराध नाही. दुकानदाराची हयगय आहे.

माप, अंक आणि ‘नको’

विद्यार्थ्यांच्या रोजच्या अनुभवातील उदाहरण घेऊ. दहावीच्या विज्ञानाचे मार्गदर्शक हवे आहे. कोणी ‘दहावी’ लिहितो, कोणी ‘१० वी’, कोणी ‘इयत्ता १०’, कोणी ‘एस.एस.सी.’. माणसाला हे सर्व एकच. सूचीत ती चार निरनिराळी नोंद असू शकते. पाच लिटर आणि पाच हजार मिलिलिटर, सहा नंबरची चप्पल आणि युरोपीय पद्धतीची एकोणचाळीस, यांचेही तसेच.

त्याहून अवघड असते ते नकाराचे. मधुमेह असलेल्या वडिलांसाठी मुलगी ‘साखर नसलेली बिस्किटे’ शोधते. केवळ शब्द जुळविणारे यंत्र ‘साखर’ आणि ‘बिस्किटे’ हे दोन शब्द उचलते व साखरेचीच बिस्किटे पुढे ठेवते. ‘नसलेली’ हा सर्वांत महत्त्वाचा शब्द त्याच्या हिशेबी बिनकामाचा ठरतो. येथे प्रश्न केवळ त्रासाचा राहत नाही, तो प्रकृतीचा होतो. म्हणून खाण्याच्या व औषधाच्या वस्तू शोधात आल्या म्हणजे त्या योग्यच आहेत असे कधीही समजू नये. वेष्टनावरील घटकांची यादी उघडून वाचावी.

या अडचणीवर बाजूला फिल्टरची सोय असते : किंमत, आकार, रंग, कापड इत्यादी. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक खोच आहे. विक्रेत्याने कापडाचा रकाना रिकामाच ठेवला असेल, तर ‘सुती’ या फिल्टरवर बोट ठेवताच ती साडी सुती असूनही यादीतून गळते. सहा फिल्टर एकदम लावणारा ग्राहक वस्तू नाहीच असे समजून परत फिरतो.

थोडे आले तरी पंचाईत, पुष्कळ आले तरी पंचाईत

शोधाची गुणवत्ता मोजण्याचे दोन निकष आहेत. जे समोर आले त्यातले कामाचे किती, हा एक. आणि कामाचे जेवढे होते त्यातले समोर किती आले, हा दुसरा. इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकात जे प्रयोग केले, त्यांत या दोन निकषांची ओढाताण स्पष्ट झाली. एक वाढवू पाहावे तर साधारणपणे दुसरा घटतो. जाळ्याची वीण मोठी ठेवली तर मासे निसटतात, बारीक ठेवली तर कचराही येतो, तसेच हे.

यातून मार्ग काढण्यासाठी शब्दांना वजन देण्याची कल्पना पुढे आली. करेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ साली मांडले की, जो शब्द थोड्याच नोंदींत आढळतो त्याला जास्त वजन द्यावे. ‘निळी कोल्हापुरी चप्पल’ या तीन शब्दांत ‘चप्पल’ हजारो ठिकाणी असते, ‘कोल्हापुरी’ त्या मानाने थोड्या ठिकाणी. म्हणून ‘कोल्हापुरी’ची किंमत अधिक. आजही असंख्य शोधयंत्रे या विचारावर चालतात. मात्र विक्रेत्यांनाही हे कळते. मग कोल्हापूरशी कसलाही संबंध नसलेल्या प्लॅस्टिकच्या चपलेच्या नावात ‘कोल्हापुरी’ हा शब्द मुद्दाम घुसडला जातो, आणि एकेका वस्तूचे नाव तीन-तीन ओळींचे होते.

गेल्या काही वर्षांत शब्दांऐवजी अर्थ जुळविणारी यंत्रेही आली आहेत. भरपूर मजकूर वाचवून कोणते शब्द अर्थाने जवळचे आहेत हे त्यांना शिकविले जाते. ती ‘रबर’ आणि ‘गॅस्केट’ यांचे नाते ओळखू शकतात, हा मोठा लाभ आहे. परंतु त्यांच्या दोन मर्यादा आहेत. मिक्सरच्या ठराविक मॉडेलचेच भांडे हवे असताना ती ‘जवळपासचे’ दुसरे भांडे देतात, आणि जवळपासचे भांडे मिक्सरवर बसत नाही. दुसरे असे की, ज्या भाषेचा मजकूर थोडा मिळतो तिचे ज्ञानही यंत्राला थोडेच होते. प्रमाण मराठीची ही स्थिती, मग वऱ्हाडी, अहिराणी व मालवणीची गोष्टच नको.

क्रमवारी कोणाच्या हिताची?

येथवर सांगितले ते अडचणींविषयी. आता इच्छेविषयी बोलले पाहिजे. पहिल्या पडद्यावर जे दिसते तेच प्रामुख्याने विकले जाते. जे विकले जाते ते यंत्राला ‘लोकप्रिय’ वाटते आणि ते आणखी वर जाते. नव्याने उतरलेला एखादा महिला बचत गट उत्तम पापड विकत असला, तरी तो शंभराव्या क्रमांकावर असेल तर त्याच्यापर्यंत कोणाचा हात पोहोचत नाही; आणि हात पोहोचत नाही म्हणून तो शंभरावाच राहतो.

त्यात जाहिरातींची भर. पैसे देऊन वर बसविलेल्या वस्तूंवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने सतरा राज्यांसह सप्टेंबर २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध जो दावा दाखल केला, त्यातील एक आरोप असाच होता की, ग्राहकाला उपयोगी अशा शोधफळांच्या जागी पैसे घेतलेल्या जाहिराती भरल्या जातात. कंपनीने दाव्यातील आरोप नाकारले. युरोपीय आयोगाने २०१७ साली गूगलला सुमारे २४२ कोटी युरो दंड केला होता. खरेदीच्या शोधात स्वतःची तुलनासेवा वर आणि इतरांच्या सेवा खाली ढकलल्याचा ठपका त्यात होता. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली तो दंड कायम केला.

आपल्याकडेही कायदा मुका नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ऑनलाइन बाजाराने, वस्तूंची क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर लावली जाते आणि त्या निकषांना किती महत्त्व दिले जाते, हे सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे. तसेच नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार नमूद असून जाहिरात आहे हे लपवून केलेली जाहिरात हा त्यांतील एक आहे. हे अधिकार कागदावर आहेत. ते वापरणारे ग्राहक हवेत.

एका भारतीय ग्रंथपालाचा धडा

या संदर्भात डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे स्मरण होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा नियम आहे : वाचकाचा वेळ वाचवा. १९३३ साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. एका विषयाला एकाच कप्प्यात न कोंबता त्याचे निरनिराळे पैलू वेगळे करावेत व हवे तसे जोडावेत, हा तिचा गाभा. आज ऑनलाइन दुकानाच्या कडेला आकार, रंग, किंमत असे जे फिल्टर दिसतात, ते याच पैलूविचाराच्या कुळातील आहेत.

रंगनाथन यांच्या ग्रंथालयात आणि आजच्या ऑनलाइन दुकानात फरक हा की, ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकाची नोंद स्वतः, एका पद्धतीने आणि वाचकाला समोर ठेवून करी. ऑनलाइन बाजारात बहुतांश नोंदी लक्षावधी विक्रेते आपापल्या मनाने करतात. यंत्र कितीही हुशार केले तरी नोंदच आळशी असेल तर शोध लंगडाच राहणार.

आपण काय करावे?

सभासद बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) पुस्तक शोधताना नावापेक्षा आय.एस.बी.एन. क्रमांक लिहावा. २००७ पासून तो तेरा अंकी आहे व सहसा मागील मुखपृष्ठावर छापलेला असतो. वर्गमित्राच्या किंवा ग्रंथालयातील प्रतीवरून तो उतरवून घ्यावा. नवी आवृत्ती निघाली की क्रमांक बदलू शकतो, म्हणून प्रत कोणत्या वर्षाची हे आधी पाहावे.

२) यंत्राचा सुटा भाग हवा असल्यास मूळ वस्तूच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक लिहावा.

३) पूर्ण वाक्य न लिहिता दोन-तीन नेमके शब्द मूळ रूपात लिहावेत, ‘चपलांसाठी’ न लिहिता ‘चप्पल’. एका शब्दाने सापडले नाही तर त्याच वस्तूचे दुसरे नाव, मग इंग्रजी नाव लिहून पाहावे.

४) फिल्टर एकेक करून लावावेत. यादी एकदम आखडली तर शेवटचा फिल्टर काढून पाहावा.

५) ‘प्रायोजित’ हा शब्द शोधण्याची सवय लावावी. ती वस्तू वाईटच असते असे नाही, पण ती वर का आली हे माहीत असावे.

६) कंटाळून ‘मिळतेजुळते’ घेऊ नये. ज्या घरात शंभर रुपयांचाही हिशेब असतो, तेथे परत पाठविण्याची यातायात आणि अडकलेले पैसे परवडत नाहीत.

७) फसवणूक झाल्यास ऑनलाइन दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याने ४८ तासांत पोच देणे व एका महिन्यात तक्रार निकाली काढणे नियमाने आवश्यक आहे. तेवढ्याने काम न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

८) आपल्यापैकी जे स्वतः माल विकतात, त्यांनी वस्तूच्या माहितीत तिची सर्व प्रचलित नावे लिहावीत आणि एकही रकाना रिकामा सोडू नये. पातेले विकताना टोप, भगुणे, गंज हेही लिहा. त्यात खर्च काही नाही आणि गिऱ्हाईक मात्र वाढते.

विद्यार्थ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. शोधयंत्रांना मराठी शिकविण्याचे काम अजून पुष्कळ बाकी आहे. त्यासाठी संगणकशास्त्र जाणणारे हवेत, तसेच व्याकरण, बोली, लोकव्यवहार जाणणारेही हवेत. ज्याच्या कानांवर गावचे शब्द पडले आहेत आणि ज्याने गणितही मन लावून केले आहे, अशा विद्यार्थ्याला या क्षेत्रात मोठे काम करता येईल. आपल्या आजीचा शब्द यंत्राच्या सूचीत नसेल, तर तो तेथे घालणारा हात आपल्याच घरातून निघावा.

आणि तोवर, ज्या माउलीने ‘आपल्याला नाही बाई हे जमत’ म्हणून मोबाईल खाली ठेवला, तिला घरातील शिकलेल्या मुलाने एवढे जरूर सांगावे की, चूक तुझी नाही. चल, दुसऱ्या शब्दाने पुन्हा शोधू.